चौसष्टावा हात

हात मोजायचं काम माझ्याकडे आलं
कारण मी शाळेत गणित शिकवते,
आणि माझं घर टेकडीच्या ना वरच्या अंगाला, ना खालच्या.
मधोमध. तिथून दोन्हीकडची भांडणं
सारखीच ऐकू येतात.

जून. पोर्तो अलेग्रीची थंडी.
दक्षिणेचा वारा शाळेच्या जेवणघरात
फुटक्या तावदानातून शिरला
आणि न बोलावता पहिल्या रांगेत बसला.
माते चहाचा भोपळा हातोहात फिरत होता,
नळी एकच, तोंडं सगळ्यांची,
बोलणं टाकलेल्यांचीसुद्धा.

महापालिकेचा माणूस म्हणाला, पैसे एकाच कामाचे आहेत.
तीनदा म्हणाला.
जसे काही दोन कामांचे पैसे
आम्ही कधी पाहिले होते.

वरच्यांना पायऱ्या हव्या होत्या. एकशे बारा, कठड्यासकट.
आद्रोआल्दो उभा राहिला आणि बोललाच नाही.
पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला,
गॅसचा सिलिंडर खांद्यावर असताना
चिखलाने जिथं त्याला खाली बसवलं
ती जागा दाखवली,
पँट खाली केली, बसला.

खालच्यांना सांडपाण्याचा नळ.
जुरेमाने झाकणाची बरणी आणली होती.
"माझ्या दारातलं पाणी," म्हणाली. "उघडू?"
महापालिकेचा माणूस घाईने नको म्हणाला.
तेवढं भाषण पुरलं.

आधी पायऱ्या.
मी रांगांमधून फिरले, खडू हातात.
सिमेंट खाल्लेले हात, कपड्यांच्या सोड्याने उललेले,
बेकरीतून तसाच आलेला एक, कोपरापर्यंत पांढरा.
करवतीने दोन बोटं नेलेला ओतासिलियोचा हात
सगळ्यांत उंच.
तीन बोटांचंही मत एकच.
त्रेसष्ट. दोनदा मोजले.

मग नळ.
एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.
आणि खांबाआड म्हातारा वाल्देसीर,
टेकडीच्या पार टोकाला एकटा राहणारा,
पायऱ्यांच्या वेळी पेंगत होता, मी पाहिलं होतं,
त्याचा हात वर निघाला.

लोकरीची टोपी कानांवर ओढायला?
की?

"चौसष्ट," मी म्हणाले.
मोठ्याने. विचाराच्या आधी.
फळ्यावरचा आकडा पुसता येतो,
तोंडातून गेलेल्याला डस्टर नाही.
खालच्यांनी बाकं बडवली.
वाल्देसीरचा हात अर्ध्यावरच थांबला,
आणि तो त्याच्याकडे असा बघत राहिला
जसा कोणी विसरून गेलेला दुसऱ्याचा हातमोजा.

नळ पडला. ऑक्टोबरात.
जुरेमाने बरणी उकळून घेतली, आता तिच्यात साखर असते.
तिच्या धाकट्याच्या पायावरची खरूज गेली.
हे मी रात्री स्वतःला सांगते,
त्या बाजूच्या रकान्यात लिहिते.
दुसऱ्या रकान्यात फार नाही.
एक उतार. पाऊस झाला की साबण.

दर शनिवारी वाल्देसीरचं पीठ मी वर नेते.
शेजाऱ्यांना वाटतं, बाई देवमाणूस आहे.
मी काही बोलत नाही.

एकदा शेवटच्या वळणावर दम घ्यायला थांबलो.
पोतं खाली ठेवलं आणि विचारलं,
त्या रात्री हात कशाला वर केला होता?

खूप वेळ तो खाली बघत राहिला,
जुरेमाच्या गल्लीत पोरं अनवाणी चेंडू मारत होती.
मग म्हणाला,
"तूच मोजलास ना, मास्तरीण?
मग तुलाच ठाऊक."

आणि तोच हात माझ्या खांद्यावर टाकला,
चढायला आधार म्हणून. जड होता.
पुढच्या जूनमध्ये पुन्हा सभा आहे.
तोवर नसलेल्या पायऱ्या मी मोजत चढते:
एकशे नऊ, एकशे दहा,
इथं जपून,
एकशे अकरा.