नग सात

वाळपईच्या रेंज ऑफिसात टेबलावर
बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा झाला
आणि साहेब म्हणाले, लिही:
धारदार लोखंडी वस्तू, नग सात.

मी लिहिलं.
लिहून झाल्यावर पाहिलं.

समोरच्या बाकावर भिवो माजिक,
पायांना अजून रानातली तांबडी माती,
बाकाखाली ओलं गोणपाट, त्यात कोंबडा.
मान बाहेर लोंबत होती,
मानेच्या पिसांवर ते पिवळे ठिपके,
मेणाचे थेंब सांडल्यासारखे.
शेजारच्या स्टोव्हवर लाख वितळत होती शिक्क्यासाठी.

पहिलं पातं लांबट, निमुळतं. ते डुकराचं.
कोंबड्यावर सोडलं तर आरपार जातं
आणि पक्ष्याला पत्ताच लागत नाही.
तो उडतो, किंदळीच्या शेंड्यावरून पलीकडे जातो,
आणि तिसऱ्या दिवशी मुंग्यांना सापडतो.
त्यापुढची दोन त्याचीच भावंडं, गंजलेली.
चौथ्याला उलटे आकडे.
असलं पातं आमच्या घरात कुणी ठेवलं नाही.
बाप म्हणायचा, काढताना जे सोबत येतं
ते कुणाच्या ताटात वाढायचं?

पाचवं लोखंडाचं नव्हतंच.
भिल्लमाडाच्या लाकडाचा गट्टू, लिंबाएवढा.
याने कोंबडा मरत नाही, भोवंडतो,
आणि घरच्या वाटेवर पिशवीत जागा होतो.
मग हातांनी करावं लागतं.
हातांनी करणं ज्यांना जमत नाही
त्यांनी गट्टू घेऊ नये.

सहावं मोडकं.

सातवं मी उचललं.
विड्याच्या पानासारखं रुंद, दोन बोटं भरेल एवढं.
खाणीच्या ट्रकचं पाटं तापवून ठोकलेलं,
खाणी बंद पडल्यावर ती पाटी
च्यारींच्या भात्यापाशी स्वस्तात येत होती.
कोंबड्याचं हेच.
पिसं काढली तर आत जीव सुपारीएवढा,
बाकी सगळा थाट.
सुपारीला नेमकं लागणं देवाच्या हातचं,
म्हणून जखम रुंद हवी,
जिथे पडला तिथेच संपला पाहिजे.

पण रुंद पातं वाऱ्याला भुलतं.
वीस पावलांवरून सोडलं तर वाकडं जातं,
शिवाय वाजतं,
आणि कोंबड्याचे कान काही आपल्यासारखे नसतात.
म्हणून रुंद पातं घेणाऱ्यानं
आधी पाचोळ्यावरून चालायला शिकावं.
बापाने मला हे शिकवलं,
पातं मात्र हातात दिलं नाही.
पुढे कायदा आला, मग बाप गेला,
मग माझी नेमणूक झाली.
याच क्रमाने.

माझ्या नकळत
मी धार अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिली.
नखाची बारीक साल निघाली.
भिवोने मान वर केली.
सकाळपासून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं,
आधी नखाकडे, मग तोंडाकडे,
आणि हळूच विचारलं,
"तूं कोणाली गो?"

मी बापाचं नाव सांगितलं नाही.
छातीवरची पट्टी सरळ केली.
साहेब फोनवर होते, पाठ करून.
पंचांतला एक चहा फुंकत होता.
फॉर्मवर जो प्रश्न नाही तो मी विचारला:
किती पावलांवरून?

हातकडी नव्हती, त्याने दोन्ही पंजे उघडले,
मिटले,
आणि एक बोट वर केलं.

अकरा.
सत्तरी ओलांडलेला माणूस, वाळक्या पाचोळ्यातून,
अकरा.
माझा बाप कधी बाराच्या आत गेला नाही.

साहेबांनी फोन ठेवला. झालं का?
झालं, म्हणाले.
आधीची ओळ खोडली, खोडल्याची सही केली,
खाली नव्याने लिहिलं:
धारदार लोखंडी वस्तू, नग सहा.
लाकडी वस्तू, नग एक.
मृत रानकोंबडा, नर, नग एक.
डबा बांधला. लाख ओतली.
शिक्का दाबताना गोणपाटाकडे
बघायचं नाही असं ठरवलं होतं.