उसने खिळे

‘वेल्डन फोर्क बीकन’ दर गुरुवारी निघायचं.
आठ पानं. त्यातली चार शिकागोहून छापूनच यायची,
जगाच्या बातम्या आणि पोटाची औषधं भरून.
उरलेली चार आमची.
आमची म्हणजे व्हिटलॅचसाहेबांची,
आणि साबणाच्या खोक्यावर उभं राहून खिळे जुळवणारी मी,
टेक्ला ओडेगार्ड, वय चौदा.

रविवारी कोण कुणाकडे जेवलं,
कुणाची गाय पुलाखाली सापडली,
चर्चच्या घंटेला नवा दोर, लोण्याचा भाव.
सगळं उलट्या अक्षरांत, शिशाच्या वासात.
गावाला हे आधीच ठाऊक असायचं.
छापून आलं की मगच ते घडायचं, एवढंच.

एका मार्चमध्ये आम्ही नेल्स ब्रँडवोल्डला मारलं.
हिमवादळात तारा तुटलेल्या, निरोप तोंडोतोंडी आला;
गेला होता त्याचा चुलतभाऊ, नदीपलीकडचा.
साहेबांनी अठ्ठावीस ओळी लिहिल्या:
माळावर पहिली विहीर खणणारा,
शब्दाचा पक्का,
मागे बायको, तीन मुलगे, आणि त्याच्या ऋणात राहिलेले शेजारी.

शुक्रवारी तो स्वतः आला.
बुटांवरचं बर्फ झटकलं, शेगडीशी बसला,
म्हणाला, वाचलं मी.
साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.
दुरुस्ती छापतो, म्हणाले, पहिल्या पानावर.
छापा की. पण हे मोडू नका.
बायकोनं दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून,
म्हणाली, खरंच आहे सगळं.
तीस वर्षांत बोलली नव्हती.
वेळ आली की तारीख तेवढी बदला.
आणि वर्गणी म्हणून
बटाट्यांची दोन पोती दारात ठेवून गेला.

अठ्ठावीस ओळी सुतळीनं बांधून
मी खिडकीखालच्या फळीवर ठेवल्या.

आता छापखान्याचं दुखणं सांगते.
‘ई’ कधी पुरत नाही.
इंग्रजी हे अक्षर मिठासारखं टाकते, प्रत्येक घासाला.
घोड्यांच्या लिलावाची जाहिरात आली, खण रिकामा.
फळीकडे पाहिलं. एकच घेते म्हटलं,
सोमवारी परत ठेवीन.

ठेवला. पहिल्यांदा.

मग शेजाऱ्यांमधला एक हर्लबटांच्या लग्नाला गेला,
विहिरीतले दोन शाळेच्या छपरासाठी,
‘शब्दाचा पक्का’ अख्खा उचलला निवडणुकीला,
तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही.
नेल्स दर हिवाळ्याआधी बटाटे घेऊन यायचा,
लांबूनच फळीकडे बघायचा.
आहे ना?
आहे, मी म्हणायचे.

अठरा साली परत न आलेल्या पोरांची यादी आली.
त्यात त्याचा मधला, आयव्हर.
त्याचं नाव मी बापाच्या मजकुरातून जुळवलं.
कुणाला सांगितलं नाही. आत्ता सांगतेय.

बाविसाच्या नोव्हेंबरात नेल्स खरोखर गेला.
साहेब म्हणाले, आण ते.
आणलं.
सुतळी होती. स्वल्पविराम होते.
शब्दांमधली कोरी शिशं होती, जी कधी छापली जात नाहीत.
आणि त्याचं नाव. नावातल्या ‘ई’ला
मी अकरा वर्षांत हात लावला नव्हता.

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मी बाह्या वर केल्या.
अठ्ठावीस ओळी तोंडपाठ होत्या,
खोक्याचीही गरज उरली नव्हती,
फक्त खिळे पुरेनात.

त्या गुरुवारी आम्ही लोण्याचा भाव छापला नाही.