शेड तीन, पूर्व कोपरा

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. टॉवेलचा कारखाना.
सकाळचे नऊ, आणि पत्रा तापलेला.
खोक्यात एकवीस ट्रॅकर, काडेपेटीएवढे,
प्रत्येकाच्या पाठीला डिंकाची लाल पट्टी.
धाकटे शेठ म्हणाले, गाठ मारायचं मशीन
महिन्यातून चारदा हरवतं,
बीमच्या ट्रॉल्या तर पाय फुटल्यासारख्या फिरतात,
आता मला सगळं मोबाईलवर दिसलं पाहिजे.

दिसेल, म्हटलं.
आधी एकेकाला वाय-फायशी ओळख करून द्यावी लागते.

बटण पाच सेकंद दाबून धरायचं.
दिवा निळा लुकलुकला की
आपला फोन आपलं नेटवर्क सोडून
त्या डबीच्या इवल्याशा नेटवर्कात शिरतो,
आणि स्क्रीन विचारते:
इथे इंटरनेट नाही. तरीही जोडलेले राहायचे?
एकवीस वेळा मी हो म्हणते.

पासवर्ड ऑफिसातल्या कॅलेंडरमागे पेन्सिलीनं.
सिद्धेश्वर, इंग्रजीत, पुढे शहाऐंशी.
अक्षर पुसट. एक डी की दोन, यावर
अकाउंटच्या बाई आणि वॉचमन
वीस मिनिटं भांडले.
दोन निघाले. वॉचमननं चहा सांगितला, बाईंच्या खात्यावर.

तरी पहिल्या सहा लालच.
मग कळलं, शेठनी नवा राउटर बसवलाय,
वेगवान, पाच गिगाहर्ट्झचा,
आणि या डब्यांना तो ऐकूच येत नाही.
त्यांना हवी जुनी, सावकाश पट्टी,
जी भिंतीतूनही जाते.

कनकय्या येमूल माझ्या शेजारी, हातात शिडी.
एकेचाळीस वर्षं याच शेडात.
धोट्याच्या खटखटाटात वरचे सगळे सूर गेलेत,
कुकरची शिटी नाही, नातीचं हसणं निम्मंच,
समोरच्याचे ओठ वाचतात.
मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं,
यांच्याशी खालच्या पट्टीत बोलावं लागतं.
ते म्हणाले, "मंग माझ्यावाणीच की, अम्मा."

गाठ-मशीनवरची डबी दुपारपर्यंत अडली.
जोडत आहे. जोडत आहे.
मी तिसऱ्यांदा सगळं पुसून पुन्हा भरत होते,
कनकय्यांनी ट्रॉली दोन हात सरकवली,
लोखंडी खांबाच्या आडून बाहेर.
हिरवा.
"मशीन कधी हरवत नव्हतं," शिडी उचलता उचलता म्हणाले,
"मला कुणी विचारत नव्हतं, बास."

एक डबी उरली. रेंज बघायला
ती त्यांच्या खिशात टाकली, चष्म्याच्या घरापाशी,
म्हटलं, सगळ्या शेडांतून फिरून या. सावकाश.
ॲपला प्रत्येकाचं नाव लागतं.
रकान्यात मी 'चाचणी' लिहिलं,
आणि ठिपका बघत बसले.

चाचणी वार्पिंगला गेली.
चाचणी कँटीनपाशी दोन मिनिटं, बहुतेक तंबाखू.
चाचणी शेड तीनमध्ये शिरली,
पूर्वेच्या कोपऱ्यात गेली, थांबली.
नकाशात तिथं काहीच नाही.
स्थिर, चार मिनिटं.
स्थिर, अकरा.
डबी हँग झाली असणार. फोन घेऊन उठले.

आठ नंबरचा माग मार्चात भंगारात गेला होता.
फरशीत बोल्टांची चार भोकं, तेलाचा काळा चौकोन,
तेवढ्यालाच बगल देऊन झाडणारीनं झाडलेलं.
कनकय्या चौकोनाच्या कडेला, चपला बाजूला काढून,
उजवा हात हवेत,
हँडल असायचं त्या उंचीवर.
बाकीचे माग सगळे चालू. त्या आवाजात
माझी पावलं त्यांना ऐकू आली नसती,
तरी मी आल्या वाटेनं चवड्यांवर परतले.

पाऊण तासानं ते आले. डबी टेबलावर ठेवली,
अजून कोमट.
"चालतंय," म्हणाले. "कुठंच तुटत नाही."

संध्याकाळी शेठना रिपोर्ट पाठवला.
ट्रॅकर एकवीस, जोडलेले एकवीस.
राउटर जुन्या पट्टीवर ठेवावा.
गाठ-मशीन खांबापासून दोन हात लांब.
शेड तीन, पूर्व कोपरा:
यंत्र नाही. रेंज उत्तम.