सुपारीएवढी

केयोनबाहेर, धुक्यात, इंजिन पुन्हा बंद.
कार्ब्युरेटर ओसंडतोय, प्लग ओलेचिंब.
मी दोरी ओढत सुटलो, तर एदुविना म्हणाली,
"सिगारेट विझव आधी."
आणि खालची वाटी उघडली.

आतला पितळी फ्लोट
तिनं कानाशी धरून हलवला, नारळ पारखावा तसा.
खळखळ.
"बोटीच्या पोटात बोट असते,
सुपारीएवढी. तीच बुडालीय."

थर्मासच्या झाकणात गरम पाणी, पाण्यात फ्लोट;
सांध्यातून एक बुडबुडा.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.
आतलं पेट्रोल निघेस्तोवर आम्ही लाटांवर डुलत बसलो.
भोकात साबणाचा कण दाबला तिनं, नखानं.

पाचव्या ओढीला इंजिन खोकलं,
लागलं.

त्या झाकणातला चहा मात्र
आठवडाभर पेट्रोलचाच लागला.