वाचण्यापुरती मुभा

हल शहर. मंगळवार, सकाळचे सात.
खिडकीबाहेर हंबरवरून आलेलं धुकं,
आणि चिप्सच्या चिकट कागदावरून
दोन सीगलचं भांडण.
हॉस्पिटलची नोंदवही उघडते मी. कागदाची नव्हे,
जिच्यात कुणी काय पाहिलं ते आपोआप उमटतं
आणि मलाही पुसता येत नाही, ती.

डी. ऍपलयार्ड, वॉर्ड नऊची कारकून.
रात्री दोन दहा. एकच ओळ.
काल. परवा. त्याआधी सलग एकोणीस रात्री.
काही बदललं नाही, उतरवलं नाही, छापलं नाही.
फक्त पाहिलं,
बावीस सेकंद, कधी तीस.

ती ओळ एका पुरुषाची. वय चौतीस. आडनाव ऍपलयार्ड.
पुढचे रकाने मी उघडले नाहीत.
किल्ली आहे माझ्याकडे, सगळ्याच कुलपांची आहे,
म्हणून तर हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली.

डोरीन ओळखते मला. कँटीनच्या रांगेत
"लव्ह" म्हणते, डब्यातली मेथी हुंगून
"औषधासारखी गं, पण चांगली."
मुलाबद्दल एकदाच बोलली:
चार वर्षं झाली, फोन घेत नाही.

दोन दहाला काय वाचत असेल?
पत्ता बदलला का. तपासणीला गेला का.
"मृत" या रकान्यात अजून "नाही" आहे ना.

दुपारी मी नियम लिहिला:
वॉर्ड नऊला वॉर्ड नऊच्याच ओळी.
पहिल्या फटक्यात चाचणी पास.
खरं तर तो दोन वर्षांपूर्वीच लिहायचा होता,
माझ्याच कामांच्या तळाशी पडून राहिला.
कुंपणच शेत खातं म्हणतात.
इथे कुंपण नव्हतंच, आणि जी आत आली
तिनं एक काडीही मोडली नव्हती.
तरी अहवालात "उल्लंघन" लिहिलं.
त्या फॉर्मात दुसरा शब्द नाही.

आणि तो? त्याला कुणी विचारलं?
फोन न उचलणं हीसुद्धा एक यादीच,
त्याची, त्यानं केलेली,
आणि तिच्यात आईचं नाव नव्हतं.
एवढं मी स्वतःला तीनदा समजावलं.

बुधवारची नोंद:
दोन दहा. प्रवेश नाकारला.
दोन अकरा. प्रवेश नाकारला.
दोन चौदा. बाहेर पडली.

यंत्र बाई-पुरुष पाहत नाही.
"पडली" हे माझं.