इशारा पातळी

सकाळी सव्वानऊला मगदूम साहेब विचारतात,
"आज किती?"
पूर्वी हा प्रश्न कास्टिंगचा असायचा.
आता जहाजांचा.

शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीपासून
सगळ्यात जवळचा समुद्र रत्नागिरीचा,
आंबा घाट उतरून, मळमळत.
आणि मी सांगायचं
कुठल्याशा चिंचोळ्या पाण्यातून
उद्या किती बोटी पार होतील.

लढाईआधी उत्तर सोपं होतं, शंभराच्या वर,
म्हणून कुणी विचारत नव्हतं.
मग आठवड्याभरात
अकरा. सात. चार.
एके दिवशी फक्त एक,
मेंढरं भरलेलं.

पंपांच्या हाउसिंगचे बावीस पॅलेट
न्हावाशेवाच्या यार्डात गंजाची वाट बघतायत.
किती ते कळलं की कधी तेही कळेल
असं साहेबांना वाटतं.

मी सात दिवसांची सरासरी काढते.
तहाच्या बातमीला थोडं वजन,
तह मोडल्याच्या बातमीला जरा जास्त,
विम्याच्या दराला सगळ्यात जास्त,
कारण भीती पैशाला आधी कळते.
मग लिहिते : सहा ते एकोणीस.
"अश्लेषा, जत्रेत हरवलेल्या पोराचं
वय सांगायलीस काय गं?"

स्क्रीनवर जहाज म्हणजे हिरवा ठिपका.
घाबरलं की ते आपलं नाव बंद करतं,
तीन दिवसांनी पलीकडच्या टोकाला उगवतं,
आणि परवाचे सात
आज नऊ होतात.
उद्याचं सांगायला बसते
तेव्हा कालचंही अजून ठरलेलं नसतं.
काही ठिपके वाळवंटात गरगरतात.
कुणीतरी आकाशातूनच त्यांची दिशा चोरलेली.
उद्या एखादा रंकाळ्यात दिसला
तरी मी मोजणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत भट्टीवरचा दस्तगीर येतो,
भुवया करपलेल्या.
मेव्हणा कागलचा, बोटीवर ऑइलर.
दस्तगीर किती ते विचारत नाही.
वहीच्या चिठोऱ्यावर एक नाव आणतो,
स्पेलिंग दर वेळी वेगळं.
मी शोधून देते.
नांगर टाकून अकरा दिवस.
"हललं?"
"नाही."
"बरं."
हे बरं कुठल्या रकान्यात घालायचं
मला अजून जमलेलं नाही.

आबा पाटबंधारे खात्यात होते,
राजाराम बंधाऱ्यावर पट्टी वाचायचे.
एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका,
हे आमच्यात पाढ्यांच्या आधी पाठ.
पाणी चढायला लागलं की गल्ली दारात यायची :
आबा, उद्या किती?
भांडी माळ्यावर टाकू का? म्हस कुठं बांधू?
आबा उद्याचं सांगायचे नाहीत.
फूट, इंच आणि वाजले किती,
एवढंच बोलायचे.
"राधानगरीचा दरवाजा मला विचारून उघडतो व्हय?"
आणि माझ्याकडे वळून, हळू :
वेळ न लिहिलेला आकडा म्हणजे अफवा.

मी मात्र उद्याचं सांगून पगार घेते.

गुरुवारी मी नऊ म्हणाले होते.
एकतीस गेली.
साहेबांनी त्याच्या आदल्याच दिवशी
निम्मा माल विमानानं पाठवायचे पैसे भरलेले.
टेबलावर हात आपटला, पेनस्टँड उडाला.
मी पेनं गोळा केली.
एकतिसांची यादी वरून खाली वाचली,
मग खालून वर.

दस्तगीर दाराशी उभा, हातमोजे काखेत.
"हललं?"
नांगराच्या जागी नुसतं निळं पाणी होतं.
यादीत नाव नव्हतं. वाळवंटातही नव्हतं.
"दिसत नाही," मी म्हणाले.
या वेळी तो बरं म्हणाला नाही.
चिठोरं टेबलावरच ठेवून गेला.

मी ते उलटं केलं आणि लिहिलं :
गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

पुढची जागा मोकळी ठेवली.