दारांचा हिशेब

हेलमंदच्या कालव्यावर आमचं गाव.
मी तोरयालय, सुतार.
लढाईचं मला विचारू नका,
दारांचं विचारा.

पहिलं दार डोंगरातल्यांनी तोडलं.
मास्तर करीमदादचं. तुतीचं, एकाच झडपेचं.
मास्तर पोरींना बेरीज शिकवायचा.
सकाळी तो कालव्याच्या पुलाला लटकत होता
आणि दाराचा कोयंडा आत चुलीपाशी पडला होता.
तेव्हा वरून कुणीतरी यावं
असं मलाही वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

आले. इतकी धूळ उडाली की
सरसाचं भांडं फेकून द्यावं लागलं.
त्यांच्याकडे एक नाव होतं, जमान.
आमच्या गावात जमान चार.
चारही दारं एका रात्रीत गेली.
तिसऱ्या जमानचं तर उघडंच होतं,
उन्हाळ्यात कडी कोण लावतं?
उघड्या दाराला लाथ मारली की
मारणाराच तोल जाऊन आत पडतो.
तो पडला.
मागच्याला वाटलं, गोळी लागली.
मग पुढचं सगळं.

महिन्याभराने त्यांचा अधिकारी पावतीपुस्तक घेऊन आला.
दाराचे इतके. गाईचे इतके. माणसाचे इतके.
दुभाषा जमिनीकडे बघत आकडे सांगत होता.
झरमिनाने फक्त दाराचे घेतले.
म्हणाली, बाकीचे सुटे नसतील तुमच्याकडे.

दार मी केलं.
तिचा इस्मत, नऊ वर्षांचा, खिळे धरून उभा.
एकेक खिळा देताना विचारायचा,
हा किती लाथा सोसेल?
म्हटलं, दार लाथेसाठी नसतं रे.
तो हसला नाही.

हेही हिशेबात धरा:
शाळा त्यांनीच बांधली.
दुपाखी दार माझ्या हातचं, निळं,
रंगाच्या डब्यावर जहाजाचं चित्र.
सहा वर्षं पोरी त्यातून आत गेल्या,
माझी स्पोझमय त्यांच्यात.
उंबरठा मधोमध झिजला, बदलावा लागला.
लाकूड झिजल्याचा एवढा आनंद
मला जन्मात झाला नव्हता.

एकदा तंबूत बोलावून मोठ्या साहेबाने विचारलं,
उस्ताद, ही कीड मुळातून कशी जाईल?
कीड मला कळते.
म्हटलं, वाळवीच्या फळीवर हातोडा घातला तर फळी फुटते,
वाळवी शेजारच्या फळीत जाते.
तो म्हणाला, मग काय, तशीच राहू द्यायची?

तिथे मी गप्प बसलो.
तशीच राहू दिली होती
तेव्हाच मास्तर पुलाला लटकला होता.
चहा निवला.
दुभाष्याने माझं गप्प बसणंही त्यांच्या भाषेत सांगितलं असावं;
बराच वेळ बोलत होता.

मग एका रात्री ते गेले.
जनरेटर चालूच राहिला, तेल संपेपर्यंत.
आठवड्याने डोंगरातले उतरले.
त्यांच्यात इस्मत, सोळाचा,
खांद्यावर बंदूक, मिशी नुसती सावली.
शाळेच्या दाराशी थांबला.
लाथ मारली नाही.
मला बोलावणं पाठवलं.
उस्ताद, बिजागऱ्या काढा हळूच,
लाकूड चांगलं आहे, फुटायला नको.

काढल्या. आठ बिजागऱ्या, बत्तीस स्क्रू.
एकेक स्क्रू त्याने ओंजळीत धरला,
लहानपणी धरायचा तसाच.

दार आता माझ्या दुकानात आहे,
फळ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून.
स्पोझमय भुसा झाडायला येते
आणि नेमका तोच कोपरा झाडत बसते.
महिन्यातून एकदा मी बिजागऱ्यांना तेल देतो.
कुणी विचारलंच, तर सांगतो,
गंज चढतो हो.